चार सॅक्सोफोन आणि एक म्हाळ

आमच्या घरात एक संगीतकार होता असं मी सांगते, तेव्हा लोक आधी आदराने बघतात आणि मग विचारतात, कुठल्या सिनेमाला संगीत दिलं होतं? कुठल्याच नाही म्हटलं की आदर जरा उतरतो. मग भावगीतं? नाही. भजनं तरी? तीही नाहीत. मग होतं काय? चार सॅक्सोफोन. तबला नाही, पेटी नाही, गाणारी बाई नाही, नुसते चार सॅक्सोफोन एकत्र वाजणार आणि त्यांच्यासाठी आमचे भावजी लिहिणार. इथपर्यंत आलं की समोरचा माणूस चहा संपवतो आणि चपला शोधायला लागतो. भावजींना ही माणसं जन्मभर भेटली, मला आत्ता आत्ता भेटतात, एवढाच फरक.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ऐंशीनंतरची ती वर्षं. बोरिवलीला आमच्या दोन खोल्या, वरचा मजला आणि डोक्यावर गच्ची. त्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको, आमची मुलगी, सासरे होते तोवर सासरे, भावजी आणि भावजींचा सॅक्सोफोन. सॅक्सोफोनला मी वेगळं माणूस धरते, कारण त्याला निजायला पलंगाखालची जागा कायमची राखीव होती. माझ्या माहेरची माणसं आली तर त्यांना नव्हती.

भावजी दिवसा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. मधूनमधून स्टुडिओतूनही बोलावणं यायचं. मग स्टुडिओत कीबोर्ड नावाचं यंत्र आलं. त्यात म्हणे सगळी वाद्यं होती, सॅक्सोफोनसुद्धा. मी एकदा ऐकला तो यंत्रातला सॅक्सोफोन. घशात वाटाणा अडकलेल्या माणसाने हुंदका द्यावा तसा आवाज. पण त्या यंत्राला चहा लागत नव्हता, गाडीभाडं लागत नव्हतं, त्यामुळे निर्मात्यांना तो आवाज फार गोड वाटला. भावजींच्या ओळखीतले वाजवणारे भराभर शहाणे झाले. एकाने झेरॉक्सचं मशीन घेतलं, एक जण जेवणाची कंत्राटं घ्यायला लागला. आमचे भावजी लिहायला बसले. सॅक्सोफोनला काम उरलं नाही म्हणून एकाच्या जागी चार सॅक्सोफोन. आमच्या घराण्याचा हिशेब असाच.

"चारच का हो, भावजी?" मी एकदा विचारलं. "आणखी वाढवायचे की. मोठी पंगत बसली असती."

"चारांत चारही ऐकू येतात, वहिनी. पाचवा आला की कुणीतरी लपतो."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं पुड्यांचे कागद आणि लायब्ररीतली पुस्तकं वाचून शिकले. संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लिहिताना भावजींना दुसरा सूर धरायला माणूस लागायचा, आणि घरात दिवसभर सापडणारं माणूस मीच. "वहिनी, एवढा एक धरून ठेवा," म्हणून ते सूर द्यायचे, आणि मी फोडणी घालता घालता 'आ' करून उभी. ते शेजारी बसून दुसरा सूर लावून बघणार, मान हलवणार, खोडणार, पुन्हा लावणार. एकदा खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि दारातूनच विचारलं, "दाढ दुखतेय का गं तुझी? केव्हाची विव्हळतेयस."

माझ्या संगीतसेवेची दखल घेणारी ती पहिली आणि शेवटची.

आमचे हे या सगळ्यापासून लांब असत. हे एका औषधाच्या कंपनीत स्टोअर्सला होते. घरी आले की पेपर उघडायचे, तो जेवायची वेळ होईपर्यंत तोंडासमोर. त्यामागून बोलायचे, पण भावजींच्या वाजवण्याबद्दल कधी नाही. सासरे तरी स्पष्ट बोलायचे. सासरे गिरणीत साचाखात्यात होते, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात. साचे म्हणजे माग, ते चालवून चालवून त्या आवाजाने कान गेले होते, तरी भावजींचं वाजवणं तेवढं त्यांना बरोब्बर ऐकू यायचं. "वाजंत्री झालो माझो झील," म्हणायचे. झील म्हणजे मुलगा. गिरणी बंद पडली, मग दोनेक वर्षांत सासरेही गेले. तर ते असताना भावजींनी चार सॅक्सोफोनांचं लिहायला नुकती सुरुवात केली होती. ते पुरं झालं सासरे गेल्यावर.

पुरं झालं म्हणजे कागदावर. वाजायला माणसं हवीत. भावजींचा स्वतःचा मधला सॅक्सोफोन. सगळ्यात लहान, सनईसारखा सरळ असतो तो, घाटकोपरच्या एका बँडच्या मास्तरांकडे. आणि उरलेले दोन गोराईच्या दोन भावांकडे. ख्रिस्ती कुटुंब, घरची थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि पिढ्यान् पिढ्या बँड. धाकट्याकडे भावजींपेक्षा एक नंबर मोठा सॅक्सोफोन आणि थोरल्याकडे बॅरिटोन. बॅरिटोन म्हणजे सगळ्यांचा बाप. पाण्याच्या बंबाला नळी जोडावी एवढं धूड. वाजला की आपल्या पोटात वाजतो. तो आख्ख्या उपनगरात आणखी कुणाकडे असल्याचं भावजींच्या ऐकिवात नव्हतं. असता तरी तो फुंकायला लागणारी छाती फक्त गोराईत तयार होते, असं थोरल्याचंच म्हणणं.

लग्नाचे मुहूर्त संपले की बँडवाले मोकळे. म्हणून तालीम पावसाळ्यात, गोराईला, त्या भावांच्या ओटीवर. एका रविवारी मी गेले बघायला. होडीतून उतरून चालत गेले, बरोबर वड्यांचा डबा. ओटीवर एका बाजूला सुके बोंबील, एका बाजूला संगीत.

वाजवणं सुरू झालं. थोरला खालून एकाच सुरावर धडक-धडक, धडक-धडक चाललेला. धाकटा त्याच्यात तिरका शिरतोय. भावजी वरून काहीतरी लांबलचक ओढतायत आणि मास्तर मधूनच चिमणीसारखे टोचून जातायत. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण उठून जावंसंही वाटेना. आणि मग, चांगलं रंगात आलं असताना, सगळे एकदम थांबले. झालं वाटलं. मी डब्याचं झाकण उघडलं. तेवढ्यात मास्तरांनी एका सिनेमातल्या गाण्याची ओळ फुंकली.

"मास्तर," भावजी म्हणाले, "इथे गप्प राहायचंय."

"किती वेळ?"

"लिहिलंय तेवढा. मी मान हलवीपर्यंत."

"अहो, एवढा वेळ?" मास्तर म्हणाले. "तीस वर्षं वरातीत वाजवतोय. वरातीत बँड गप्प झाला तर नाचणारे भांडायला लागतात. एकदा नवरदेव घोड्यावरून उतरला, म्हणाला बँड थांबला म्हणजे हॉल आला. माझं तोंड आपोआप चालतं हो."

पुन्हा वाजवलं. पुन्हा शांतता आली, पुन्हा मास्तरांचं तोंड आपोआप चाललं. शेवटी थोरल्याने उपाय काढला. मास्तरांच्या शेजारी बसला आणि ती जागा आली की त्यांच्या पायावर आपला पाय ठेवला. थोरल्याचं वजन बॅरिटोनला शोभेल असंच होतं. मास्तर गप्प राहिले. ती शांतता मी पहिल्यांदा तिथे ऐकली. बरीच लांब होती. मग भावजींनी मान हलवली आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

"ती मधली शांतता कमी केली तर?" येताना होडीत मी विचारलं. "लोकांना वाटेल संपलं."

"तीच तर आहे, वहिनी. ती काढली तर उरलेलं कुणीही लिहील."

त्याच दिवशी थोरल्याने सांगितलं होतं की त्याला बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी लागली. मोठी प्रवासी बोट, परदेशची. दसऱ्याच्या आधी निघायचं, बॅरिटोन घेऊन. परत केव्हा ते बोटीलाच माहीत. म्हणजे भावजींनी इतकी वर्षं लिहिलेलं लोकांसमोर एकदा सबंध वाजायचं तर दसऱ्याच्या आत, नाहीतर कागदावरच. भावजी हे कुणाला बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी उठून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि गणपतीतल्या कार्यक्रमांत वेळ मागितली. भावजी कुणाकडे काही मागायला गेल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आमचे सेक्रेटरी बँकेत होते. पण त्यांचा जीव माईकमध्ये. गणपती मंडळाचा माईक वर्षातून दहा दिवस त्यांच्या हातात असायचा आणि उरलेलं वर्ष ते त्या दहा दिवसांची वाट बघायचे. त्यांनी भावजींना आठव्या दिवशी वेळ दिली, लहान मुलांची वेशभूषा आणि उकडीच्या मोदकांची स्पर्धा यांच्या मधली. "फर्माइशी घ्याल ना?" एवढंच विचारलं. भावजी नाही म्हणाले, तर म्हणाले, "बरं बरं, बघू आयत्या वेळी."

आठव्या दिवशी मांडव भरलेला होता, म्हणजे मोदकांच्या निकालासाठी. चौघं इस्त्रीचे कपडे घालून बसले. सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी थोडा वेळ ऐकलं, मग एकमेकींना साड्यांच्या किमती सांगायला लागल्या. तरी चालू होतं. एक झाशीची राणी रडत होती, तिला बाहेर नेलं. तरी चालू होतं. मग ती जागा आली. सगळे थांबले. थोरल्याने मास्तरांच्या पायावर पाय ठेवला. भावजींनी डोळे मिटले.

आणि माईकमधून आवाज आला, "अतिशय सुंदर. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या थांबल्या की एक सूचना. उद्या सकाळी पाण्याची टाकी धुण्यात येणार असल्यामुळे सर्वांनी पाणी भरून ठेवावं. दुसरी सूचना. 'बी' विंगसमोर ज्यांनी स्कूटर लावली आहे त्यांनी ती..."

भावजींनी डोळे उघडले. हात वर करून नाही-नाही म्हणाले. सेक्रेटरींना वाटलं, नम्रतेने टाळ्या नाकारतायत. त्यांनी आणखी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या ऐकून मास्तरांच्या अंगात तीस वर्षांची वरात संचारली. पाय थोरल्याच्या पायाखाली होता, पण तोंड मोकळं होतं. त्यांनी त्या वर्षी गाजत असलेलं सिनेमातलं गाणं सुरू केलं. मांडवाला जाग आली. मुलं नाचायला लागली, शिट्ट्या झाल्या. झाशीची राणी परत आली आणि तलवार फिरवायला लागली. भावजी सॅक्सोफोन गळ्यात लोंबकळत ठेवून उभे राहिले. शेवटी चौघांना एकेक नारळ मिळाला.

"झकास," खाली उतरताना लोक भावजींना सांगत होते. "शेवटचं गाणं तर एकदम झकास. आधीपासून तेच वाजवायचं ना यार."

त्या दिवसापासून भावजी घरात बोलेनासे झाले. सॅक्सोफोन पलंगाखाली गेला तो गेलाच. लिहिणं बंद, माझं 'आ' करणं बंद. खालची बाई म्हणाली, बरी झाली वाटतं दाढ. गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. मी भावजींना म्हटलं, "या दिवसांत हॉल रिकामे असतात. विचारून बघा कुठे."

"हॉल रिकामे असतात कारण माणसं येत नाहीत, वहिनी. पितृपक्षात गाण्याबजावण्याला कोण येतं?" मग जेवणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मला गर्दी नकोच होती. दहा माणसं चालली असती. बसतील अशी. मधे उठणार नाहीत, बोलणार नाहीत, आणि शांतता झाली की सूचना देणार नाहीत. अशी माणसं कुठे मिळतात?"

मी तेव्हा सासऱ्यांच्या म्हाळाला लागणारे काळे वाटाणे निवडत होते. आणि मला आठवलं की अशी माणसं मी बघितली आहेत. दर वर्षी बघते. आमच्याच गच्चीवर.

आमच्या कोकणातल्या माणसांत पितृपक्षातल्या श्राद्धाला म्हाळ म्हणतात. भाऊबंद येतात, शेजारी येतात. सगळा स्वयंपाक एका पानावर वाढून ते पान गच्चीत कठड्यावर ठेवायचं. ही वाडी. कावळ्याने येऊन वाडीला चोच लावली की पितर जेवले, मग आपण जेवायचं. तोवर कुणी जेवत नाही, कुणी घरी जात नाही, कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही, कावळा बिचकेल म्हणून. सगळी मोठमोठाली माणसं उपाशीपोटी गप्प बसून आकाशाकडे बघत असतात. आणि त्या पंधरवड्यात बोरिवलीचा कावळा म्हणजे मंत्री. प्रत्येक गच्चीवर त्याला आमंत्रण. तो एका ठिकाणी वडा चाखणार, दुसरीकडे खिरीत चोच बुडवणार, आणि आपल्याकडे येईल तेव्हा येईल. एवढा बांधलेला श्रोता कुठल्या हॉलात मिळतो?

भावजींना सांगितलं तर म्हणाले, "दादा नाही म्हणेल."

दादाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, नाही म्हटलं नाही. पेपर खाली घेतला. "बाबांच्या म्हाळाला बँड?"

"बँड नाही हो. चौघंच आहेत."

"बाबा त्याला वाजंत्री म्हणायचे."

"मग ऐकू दे की त्यांना. आता कान बरे झाले असतील."

ह्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. त्याच्यामागून म्हणाले, "भटजींना विचार." आमच्या घरात नाही म्हणायची ही सभ्य पद्धत होती. मी विचारलं. भटजी स्कूटरवरून न उतरताच बोलले, कारण त्यांना त्या दिवशी आणखी पाच घरं होती.

"असं शास्त्रात नाही."

"मनाई आहे का?"

"मनाई आहे असंही वाचनात नाही. पण सॅक्सोफोन..." त्यांनी स्कूटरला किक मारली. "माझं आटोपून वाडी ठेवली की मी निघणार. पुढे काय करायचं ते तुम्ही आणि तुमचा कावळा बघा."

म्हाळाच्या दिवशी गच्चीवर ताडपत्री बांधली. सासऱ्यांची बहीण, म्हणजे आमच्या आते, मानखुर्दहून सकाळीच आल्या. सासऱ्यांचे एक चुलतभाऊ आले, तेही साचाखात्यातलेच. आणखी भाऊबंद, बिल्डिंगमधली चार घरं आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींना मी मुद्दाम बोलावलं होतं. माईक नसताना ते अर्धेच दिसत होते. मास्तर घाटकोपरहून आले. गोराईचे दोघं भाऊ पांढरेशुभ्र शर्ट घालून, बॅरिटोन होडीतून आणि मग रिक्षातून आणून, घामाघूम होऊन गच्चीवर पोचले. त्यांच्याकडे मयताला बँड असतोच, त्यामुळे त्यांना यात काही नवल वाटलं नाही. उलट थोरला मला हळूच म्हणाला, "वैनी, तुमच्यात आजपर्यंत का नाय वाजवत?"

भटजी गेले. ह्यांनी वाडी कठड्यावर ठेवली आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. कावळा समोरच होता, टीव्हीच्या अँटेनावर. आत्ता येईल असं सगळ्यांना वाटत असतानाच टाकीच्या सावलीत बसलेल्या थोरल्याने पहिला सूर लावला. धडक-धडक, धडक-धडक. कावळा उडाला तो थेट पलीकडच्या बिल्डिंगवर.

"मेल्या, तो भोंगो थांबव आधी," आते दबक्या आवाजात म्हणाल्या. "कावळो भियालो."

कुणीच थांबलं नाही. आणि दुसरं कुणी काही बोलूही शकेना, कारण वाडी ठेवलेली. सगळे बसून राहिले. खाली मघापासून वड्यांचा वास सुटलेला, वर ही धडक-धडक. सेक्रेटरी एकदोनदा घसा खाकरले आणि आतेंनी डोळे वटारल्यावर गिळून गप्प बसले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांचे चेहरे बघत होते. कुणाला समजत होतं असं मी म्हणणार नाही. पण कुणी साड्यांच्या किमती सांगत नव्हतं.

आणि ती जागा आली. चौघं थांबले. थोरल्याचा पाय मास्तरांच्या पायावर. भावजींचे डोळे मिटलेले. गच्चीवर टाकीत पाणी पडायचा आवाज तेवढा.

कावळ्याला एवढंच हवं होतं. भोंगा थांबला हे बघून तो पलीकडून निघाला, कठड्यावर उतरला, दोन उड्या मारल्या आणि वडा उचलला.

"शिवलो गे, शिवलो," आतेंनी कठड्याकडे बघून हात जोडले. "झिलाचा वाजवणा आयकूक इलो माझो भाऊ."

गच्चीभर गुडघे मोडल्याचे आवाज. सगळे उठले. कुणी चटया गुंडाळायला लागलं, कुणी जिन्याकडे वळलं. सेक्रेटरी तर दोन पायऱ्या उतरलेसुद्धा, "चला, पानं वाढायला घ्या," असं त्यांनी मलाच सांगितलं. मी भावजींकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते. सॅक्सोफोन ओठांशी तसाच. पण त्यांची मान, जी हलली की सगळं पुन्हा सुरू व्हायचं, ती हलत नव्हती. हलवून उपयोग काय, असं असेल. उठलेल्या माणसांचा गलका त्यांच्या त्या शांततेत भरत चालला होता.

"बसा," आमचे हे म्हणाले.

मोठ्याने नाही बोलले. कठड्यापाशी उभे होते, हात अजून जोडलेले.

"अरे, कावळा शिवला ना," कुणीतरी म्हणालं.

"शिवू दे. बसा सगळे. ही मधली सुट्टी झाली. अर्धी पाळी बाकी आहे अजून."

कुणाला काही कळलं नाही. फक्त सासऱ्यांचे ते चुलतभाऊ ह्यांच्याकडे बघत राहिले आणि सगळ्यांच्या आधी, जिथे उभे होते तिथेच, फरशीवर मांडी घालून बसले. म्हाळ ज्याच्या हातचा त्याचं ऐकावं लागतं. मग एकेक करून बाकीचेही बसले. सेक्रेटरी दोन पायऱ्या परत चढून आले. पुन्हा टाकीचा आवाज ऐकू यायला लागला. आणि भावजींनी मान हलवली.

मला हे सगळं नंतर ह्यांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. लहानपणी हे आणि भावजी सासऱ्यांचा डबा घेऊन गिरणीच्या दाराशी जायचे. भिंतीपलीकडे साचे चाललेले असायचे, पायाखालची जमीन थरथरायची. सुट्टी झाली की सगळे साचे एकदम थांबायचे. "ते थांबणं कानात बसायचं," हे म्हणाले. "मग बाबा बाहेर यायचे आणि आमच्याशी ओरडून बोलायचे. सुट्टी संपली की परत तोच आवाज." म्हणजे इतकी वर्षं पेपरच्या मागे बसून माणूस ऐकत होता तर. आणि मी मात्र फोडणी घालत 'आ' करून उभी, मला कुणी सांगेल तर शपथ.

दुसरा भाग वाजला. सगळा. शेवटपर्यंत. तोवर कावळ्याने आपली मंडळी बोलावली आणि वाडी साफ केली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटचा सूर मास्तरांचा होता. तो त्यांनी लिहिलाय तेवढाच वाजवला आणि पुढे काहीही न जोडता वाद्य मांडीवर ठेवलं.

टाळ्या झाल्या नाहीत. म्हाळात टाळ्या कोण वाजवतं? इतक्या वर्षांनी लोकांसमोर पुरं झालेलं ते संगीत, आणि त्यावर पहिला शब्द आला तो आतेंचा, "वडे थंड झाले आसतले." सगळे पटापटा खाली उतरले. सासरे मुलाचं वाजवणं ऐकायला आले होते, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मानखुर्दला पोचली आणि पुढे कोकणातही गेली. कावळा वाजवणं थांबलं म्हणून आला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. एवढे लांबून आलेले लोक, एवढी भाकडकथा तरी बरोबर नेऊ देत.

पंगत बसली. थोरला आणि धाकटा मांडी घालून शेजारी शेजारी, थोरला वडे मोजून खाणाऱ्यांतला नव्हता. भावजी पानावर बसले, पण भात कालवत नव्हते. त्यांच्या शेजारी हे. मी खीर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आले.

"तो मोठा," हे पानाकडे बघत म्हणाले, "सुट्टीनंतर जरा मागे मागे राहत होता. चुकत होता का रे तो?"

भावजींनी मान वळवून बघितलं. दादाने त्यांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"चुकत नव्हता. मी तसंच लिहिलंय. जेवण झाल्यावर जरा जड."

"साचा जेवतो का? साचा नाही सुस्तावत, माणूस सुस्तावतो."

"मग ते माणसाचं आहे, दादा."

"आणि धडक-धडक नव्हतं ते. एवढं सरळ कुठे होतं?" ह्यांचा उजवा हात भातात होता. त्यांनी डावा हात जमिनीवर टेकला आणि बोटांनी वाजवून दाखवलं. दोन जोरात, एक अर्धवट, मग एक उशिराने पडल्यासारखं, आणि परत दोन. "असं होतं. बाबांच्या रांगेतला एक साचा जुना होता. तो असा अडखळायचा."

मी डाव हातात घेऊन उभी. खीर निवत होती, पंगतीत पुढची पानं वाट बघत होती. भावजी जेवायचं सोडून दादाच्या त्या डाव्या हाताकडे बघत होते.

"परत वाजव," ते म्हणाले.